खेळण्यांच्या दवाखान्याला मी लावलेलं कुलूप

आमच्या इमारतीत तळमजल्यावर दातांचे एक डॉक्टर आहेत. त्यांच्या वेबसाइटवर दाढ उपटायची वेळ ठरवायला गेलेल्या एका बाईंना तिथे पत्त्यांचा जुगार मांडलेला दिसला, आणि त्या दिवसापासून माझे ग्रह फिरले.

आता साइट डॉक्टरांची, चोर शिरला त्यांच्याकडे, दाढ त्या बाईंची. यात तुमचा काय संबंध, असं कोणीही विचारील. माझ्या बायकोनेही तेच विचारलं. पण ज्याने छत्तीस वर्षं एका मोठ्या कचेरीत आवक-जावक सांभाळली, त्याला कुठेही दार उघडं दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. माझ्या टेबलावरून एकही कागद नोंद झाल्याशिवाय आत आला नाही की बाहेर गेला नाही. बाहेर जायला कधीकधी वर्ष लागायचं, ती गोष्ट वेगळी. पण नोंद असायची.

आणि दार उघडं होतं ते माझ्याच घरात. माझी बायको मोडकी खेळणी दुरुस्त करते. कान तुटलेली अस्वलं, डोळा निखळलेल्या बाहुल्या, किल्ली दिली तरी ढिम्म न हलणारी माकडं, सगळं तिच्याकडे येतं आणि बरं होऊन जातं. ‘खेळण्यांचा दवाखाना’ नावाची तिची साइट आहे. तीवर प्रत्येक रुग्णाचे दोन फोटो असतात, दाखल होतानाचा आणि घरी जातानाचा. अकरा वर्षं ती हे करते आहे, आणि अकरा वर्षं आमचे नातेवाईक ‘काय करते हल्ली?’ या प्रश्नाला ‘असतं तिचं काहीतरी बाहुल्यांचं’ असं उत्तर देत आले आहेत. खरं सांगायचं तर मीही बरीच वर्षं तेच उत्तर दिलं.

तर या बाहुल्यांची दखल एका मोठ्या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीने घेतली. पुरवणीतल्या एक बाई घरी येऊन दोन तास हिच्याशी बोलल्या. मला त्यांनी दहाव्या मिनिटाला स्वयंपाकघरात बसायला सांगितलं, कारण हिला विचारलेल्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मी दिली होती. लेख येत्या रविवारी येणार, आणि शेवटी साइटचा पत्ता छापणार, असं ठरलं. ही वरवर काही बोलली नाही. पण तिने बहिणीला फोन करून ‘सहज सांगते हं’ असं म्हणत चार वेळा सांगितलं, तेव्हा मला कळलं की या रविवारची ती किती वाट बघते आहे. तिच्या कामाला कोणीतरी पहिल्यांदाच काम म्हणणार होतं.

आणि त्या रविवारी हजारो वाचक साइट उघडणार आणि तिथे अस्वलांऐवजी जुगार असेल तर? या विचाराने माझी झोप उडाली. दुपारची.

सोमवारी डॉक्टरांना गाठलं. “साइटला जोडलेला एक जुना प्रोग्रॅम होता, तो मी दोन वर्षं अपडेट केला नव्हता,” ते म्हणाले. “त्यातून शिरले. अहो, दाताचंही तसंच असतं. एवढंसं भोक असतं, दुखत नाही म्हणून आपण तिकडे बघत नाही.” आणि त्यांनी सवयीने माझ्या तोंडात डोकावून बघितलं.

मंगळवारी वाचनालयात पोलिसांच्या सायबर विभागातल्या एका बाईंचं व्याख्यान होतं. मी पहिल्या रांगेत बसलो, दोनशे पानी वही घेऊन. शेवटी मी तीन प्रश्न विचारले. त्यातली दोन भाषणं होती असं नंतर काही लोक म्हणाले. असो. पण बाई फार मुद्द्याचं बोलल्या. पासवर्ड लांब ठेवा, एकमेकांशी काहीही संबंध नसलेले चार शब्द जोडून केलेला सगळ्यात चांगला. तो कुठे चिकटवू नका. पासवर्डनंतर फोनवर कोड येईल अशी दुसरी कडी लावा, आणि तो कोड कोणालाही सांगू नका. ‘तुमची पहिली शाळा कोणती’ यासारख्या गुप्त प्रश्नांची खरी उत्तरं देऊ नका, कारण ती गावाला माहीत असतात. प्रोग्रॅम वेळच्या वेळी अपडेट करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ‘घरात कोणाला सांगू नका’ असं जो म्हणतो, तो चोर समजा. या शेवटच्या वाक्याखाली मी लाल शाईने दोन रेघा मारल्या. त्या रेघा मला पुढे काय भोवणार आहेत, हे तेव्हा कळलं असतं तर मी पेनच घरी विसरलो असतो.

घरी येऊन बायकोला म्हटलं, “साइटची सुरक्षा मी हातात घेतोय.”

ती एका डुलत्या घोड्याच्या शेपटीत गुंतली होती. “रविवार होईपर्यंत हात लावू नका,” ती म्हणाली.

“चोर रविवारपर्यंत थांबत नाहीत.”

“अहो, अकरा वर्षं थांबलेत. आणखी पाच दिवस थांबतील. हात लावू नका.”

तिचा पासवर्ड काय होता म्हणाल, तर तिने दुरुस्त केलेल्या पहिल्या बाहुलीचं नाव आणि पुढे एक. तोही कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला. म्हणजे कपाट उघडलं की आधी पासवर्ड, मग टॉवेल. हे बघून जो स्वस्थ बसेल तो आवक-जावकवाला कसला! हिला न सांगता काम उरकायचं आणि रविवारी सगळं सुरळीत पार पडल्यावर सहज उल्लेख करायचा, असं मी ठरवलं.

दुसऱ्या कडीसाठी फोन हवा होता, आणि तो रोजच्या वापरातला नको. कधीही हरवणार नाही, कोणाच्या हाती लागणार नाही असा फोन आमच्या सबंध घराण्यात एकच. माझ्या आत्याचा. तो तिच्या गळ्यात दोरीने बांधलेला असतो, अंघोळीपुरता खुंटीवर. आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. निवृत्त होईपर्यंत ती परीक्षा मंडळाच्या गोपनीय शाखेची प्रमुख होती. प्रश्नपत्रिकांची मोहोरबंद पाकिटं तिच्या ताब्यात. बत्तीस वर्षांत एक पेपर फुटला नाही. घरातलीही कुठली गोष्ट तिच्याकडून फुटली नाही. धाकट्या काकांची नोकरी गेल्याचं आम्हाला त्यांच्या साठीला कळलं, तेही काकांकडूनच.

बुधवारी मी तिच्याकडे जाऊन तिला रीतसर प्रशिक्षण दिलं.

“कोड येईल तो कोणालाही सांगायचा नाही,” मी म्हणालो. “मी फोन करून मागितला तरी नाही. हल्ली चोर हुबेहूब माणसाचा आवाज काढतात.”

“आणि तू समोर येऊन मागितलास तर?”

“तरी विचार कर. चोरांनी धमकावलं की भलीभली माणसं स्वतःच्या पायाने चालत जाऊन ते म्हणतील ते करतात.”

“मग सांगायचा कोणाला?”

“ज्याचं खातं त्याला.”

“खातं कोणाचं?”

“हिचं.”

आत्याने चष्मा पुसला, आपली वही काढली आणि माझ्या वहीतले सहाही नियम माझ्याच हाताने तिच्या वहीत लिहून घेतले. खाली ‘वरील सूचना मी समजून-उमजून दिल्या आहेत’ असं लिहवून सही घेतली, तारीख घेतली, वेळही घेतली. घरी परतताना माझा ऊर भरून आला होता. अशी शिस्त आमच्या कचेरीत असती तर मी आणखी दोन वर्षं मुदतवाढ मागितली असती.

गुरुवारी दुपारी ही घोड्याला खोगीर शिवत होती. काम चालू असलं की ती साइटकडे ढुंकूनही बघत नाही. मी कॉम्प्युटरपुढे बसलो आणि बाहीची बटणं काढली. आधी साइटवर ‘दुरुस्तीसाठी बंद’ची पाटी चढवली, म्हणजे मधेच कोणी आत येऊ नये. तयार मजकूर फारच मिळमिळीत होता, म्हणून मी माझा घातला: ‘सुरक्षेच्या कारणास्तव सदर संकेतस्थळ पुढील आदेशापर्यंत बंद ठेवण्यात येत आहे. कोणीही वारंवार चौकशी करू नये. आज्ञेवरून.’ मग जुने प्रोग्रॅम अपडेट केले. आत्याचा नंबर घातला. गुप्त प्रश्नांना तीन तडाखेबंद खोटी उत्तरं दिली. मग चार असंबद्ध शब्दांचा पासवर्ड ठेवला आणि बटण दाबलं.

‘आपल्या सुरक्षिततेसाठी आपल्याला सर्व ठिकाणांहून बाहेर काढण्यात आले आहे,’ असं पडद्यावर आलं. मला समाधान वाटलं. चोर आत असता तर आता तोही बाहेर. मी ऐटीत नवा पासवर्ड टाइप करायला घेतला. उंट. तराजू. खिडकी. आणि...

आणि चौथा शब्द काही केल्या आठवेना.

माणसाचं डोकं कसं असतं बघा. शहात्तर सालच्या एका परिपत्रकाचा जावक क्रमांक मी आजही सांगू शकतो. पण पाच मिनिटांपूर्वी स्वतःच ठेवलेला शब्द गेला तो गेलाच. आजतागायत तो परत आलेला नाही.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मॅनेजर राहतात. ते प्रत्येक गोष्ट मुद्दे पाडून बोलतात, म्हणून इमारतीत त्यांना ‘मुद्देसूद’ म्हणतात. कोणाला सांगायचं नाही या अटीवर मी त्यांना खाली बोलावलं. ते डॉक्टरांना घेऊन आले.

“मुद्दा एक,” मुद्देसूद म्हणाले, “तुम्ही बसला होता कुठे? मुद्दा दोन, समोर काय दिसत होतं? माणूस समोर दिसेल तेच लिहितो. मुद्दा तीन, बसा परत.”

बसलो. आणि खरंच की! कॅलेंडरवर उंट, कपाटावर तराजू, भिंतीत खिडकी. आम्हाला भलताच हुरूप आला. मग आम्ही तिघं त्या खुर्चीत आळीपाळीने बसून खोलीभर बघत होतो. ‘पंखा’ घातला. चूक. ‘घड्याळ’ घातलं. चूक. ‘छत्री’, ‘चप्पल’, दोन्ही चूक. पडद्यावर ‘शेवटची संधी’ असं आलं, तेव्हा डॉक्टरांनी ‘दाढ’ सुचवलं.

“दाढ समोर कुठे दिसते?” मी विचारलं.

“मला सगळीकडे दिसते,” ते म्हणाले, आणि आम्ही भिडेखातर ‘दाढ’ घातलं. पासवर्डने जायचा रस्ता तिथे पूर्ण बंद झाला.

तेवढ्यात आतून हिने विचारलं, “एवढी मंडळी कशाला जमलीत?”

“डॉक्टर माझी दाढ बघतायत,” मी म्हणालो. डॉक्टरांनी ताबडतोब ती बघितली, आणि एक किडली आहे असं सांगितलं. लग्नानंतर एकतीस वर्षांनी बायकोशी खोटं बोललो आणि लगेच दाढ किडली.

संध्याकाळी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई भेटल्या. “काय हो,” त्या काळजीने म्हणाल्या, “उंट, तराजू, खिडकी, आणि पुढे काय असेल?” म्हणजे माझ्या अभेद्य पासवर्डचा पाऊण हिस्सा आता अख्ख्या इमारतीला पाठ होता, आणि पाव हिस्सा कोणालाच माहीत नव्हता. मला सोडून नव्हे, मला धरून.

शुक्रवारी सकाळी मी ‘पासवर्ड विसरलात?’वर बोट ठेवलं. कोड आत्याच्या फोनवर गेला. मी गच्चीवर जाऊन तिला फोन लावला.

“आत्या, तुझ्या फोनवर सहा आकड्यांचा कोड आला असेल.”

“आला.”

“सांग.”

आत्या कौतुकाने म्हणाली, “आवाज अगदी हुबेहूब काढलाय हो. फार हुशार झालात मेल्यांनो.” आणि तिने फोन ठेवला.

मी परत लावला. “आत्या, अगं मीच बोलतोय! शपथ!”

“लाज नाही वाटत?” ती कडाडली. “माझ्या भाच्याचं नाव पुढे करता? तो वेंधळा असेल, पण सरळ आहे. आयुष्यात त्याने कधी कोणाला फसवलं नाही. सोन्यासारखा मुलगा आहे तो, त्याच्या वाटेला जाल तर याद राखा!”

माझे डोळे पाणावले. आत्याने माझी स्तुती केलेली मी जन्मात ऐकली नव्हती, आणि आज केली तीही मी चोर आहे असं समजून.

आता उरली साइट ठेवणाऱ्या कंपनीची मदत. तिथे आधी एका यंत्राने ‘तुमची अडचण आम्हाला समजली’ असं सात वेळा लिहिलं आणि सातही वेळा वेगळ्याच अडचणीचं उत्तर दिलं. मग ‘तुमचा क्रमांक एकशे बारा’ असं आलं. दोन तासांनी एक मुलगी फोनवर आली. आवाज फार गोड.

“सर, ओळख पटवण्यासाठी तुम्ही दिलेले गुप्त प्रश्न विचारते. तुमची पहिली शाळा कोणती?”

मी शाळेचं नाव सांगितलं. खरं.

“उत्तर चुकीचं आहे, सर.”

“अहो, मी त्या शाळेत सात वर्षं काढलीत!”

“असेल सर. पण उत्तर चुकीचं आहे. लहानपणी तुम्हाला घरी काय म्हणायचे?”

तिला मी ते हळू आवाजात सांगितलं. तुम्हाला सांगणार नाही.

“चुकीचं आहे, सर. तुमचा सगळ्यात जवळचा मित्र?”

आता मात्र मी सावध झालो. खरं उत्तर उपयोगाचं नाही. गुरुवारी मी काय खोटं बोललो होतो ते आठवायला हवं. पण खोटं बोलायची सवय लागते, तशी ते लक्षात ठेवायचीही लागते. मला दोन्ही नाहीत. मी अंदाजाने कोणा एकाचं नाव घेतलं. तेही चुकलं. माझी शाळा चुकली, टोपणनाव चुकलं, मित्र चुकला. साठी उलटल्यावर एका गोड आवाजाच्या मुलीने माझं सबंध बालपण नापास केलं.

“सर, आता सुरक्षेच्या कारणास्तव आमच्याकडून सोमवारपर्यंत काही करता येणार नाही,” ती म्हणाली. “फक्त नोंदवलेल्या फोनवरचा कोड असेल तर आत जाता येईल. आणखी काही मदत करू का?” सुरक्षेच्या कारणास्तव! माझंच वाक्य मला ऐकवत होती.

शुक्रवारी रात्री जेवताना ही आपणहून बोलत होती. घोडा झाला, रविवारी सकाळी त्याचाच फोटो साइटवर सगळ्यात वर टाकायचा, म्हणजे लेख वाचून येणाऱ्यांना आधी तो दिसेल. “बहीण म्हणाली, ती तिच्या ऑफिसात सगळ्यांना साइट दाखवणार आहे,” ती म्हणाली, आणि नको तेवढं बोलले की काय असं वाटून भाताकडे बघू लागली. अकरा वर्षं या बाईने एकटीने, कोणाला त्रास न देता हे उभं केलं, आणि मी एका दुपारीत त्याच्या दारावर पाटी ठोकून ठेवली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ‘हात लावू नका’ असं तिने दोनदा म्हटलं होतं, आणि माझी जीभ रेटेना. कोड आणायचा, गुपचूप उघडायचं, विषय संपवायचा, असं मी मनाशी म्हणालो.

शनिवारी सकाळी दोन बस बदलून आत्याकडे पोचलो. तिने साखळी न काढता दार बोटभर उघडलं.

“सही कर,” ती म्हणाली, आणि फटीतून कागद सरकवला.

मी भिंतीवर कागद धरून सही केली. तिने ती वहीतल्या सहीशी ताडून बघितली, भिंग लावून. मग साखळी निघाली.

“तू आहेस खरा,” ती म्हणाली. “बस. पाणी पी. एवढा घामाघूम का?”

मी भडाभडा सगळं सांगितलं. कोड परत मागवतो, तू फक्त वाच, असं म्हणून मी खिशातून मोबाईल काढला.

“थांब. बायकोला माहीत आहे?”

“नाही. आणि आत्या, हात जोडतो, तिला यातलं काही सांगू नकोस.”

आत्या उठली. वही उघडली, माझ्यापुढे ठेवली आणि सहाव्या नियमावर बोट ठेवलं. “वाच.”

मी वाचलं. “‘घरात कोणाला सांगू नका असं जो म्हणतो, तो चोर समजावा.’”

“अक्षर कोणाचं?”

“माझं.”

“खाली सही?”

“माझीच. पण आत्या, मी चोर आहे का?”

“नाहीस. ते मला माहीत आहे. पण नियमात तसं लिहिलेलं नाही.” तिने वही मिटली. “आणि कोड सांगायचा तो ‘ज्याचं खातं त्याला’, असं तूच म्हणालास. खातं तिचं. तिने मागितला की देईन. अरे, एकदा आमच्या अध्यक्षांनी स्वतः येऊन पाकीट मागितलं होतं, पुतण्या परीक्षेला बसला होता म्हणून. त्यांना दिलं नाही, तुला देऊ?”

“उद्या लेख येतोय आत्या! तिची सगळी मेहनत वाया जाईल.”

“मग लवकर घरी जा,” आत्या म्हणाली. तिचा आवाज आता मऊ झाला होता. “कुलूप मोठं नाही रे. तिला सांगायचा धीर नाही तुला, तेवढंच अडलंय. कॉफी पिऊन जातोस की तसाच निघतोस?”

तसाच निघालो. परतीच्या बसमध्ये मी कबुलीजबाबाचे चार मसुदे केले. पहिल्यात ‘प्रस्तुत प्रकरणी’ होतं, दुसऱ्यात डॉक्टरांवर ठपका होता, तिसऱ्यात चोरांवर. चौथा जमेपर्यंत आमचा थांबा आला.

ही खिडकीशी बसून एका अस्वलाचा कान शिवत होती. तोंडात सुई. मी समोरच्या स्टुलावर बसलो आणि मसुदे सगळे विसरलो.

“मी साइटला हात लावला,” मी म्हणालो. “गुरुवारपासून ती बंद आहे. पासवर्ड मीच बदलला आणि मीच विसरलो. आत्याकडे कोड येतो, पण ती तुलाच देईन म्हणते. माझं चुकलं. मला भीती वाटत होती की उद्या तुझी फजिती होईल. आता ती माझ्यामुळेच होईल.”

तिने तोंडातली सुई काढून अस्वलाच्या पोटात खोचली. मला वाटलं, आता ही सुई अस्वलातून काढून माझ्यात खोचणार.

“म्हणून मास्तरीणबाईंनी मला काल उंटाचं विचारलं,” ती म्हणाली. मग तिने हात पुढे केला. “फोन द्या.”

मी कोड परत मागवला, तिने फोन लावला, आणि आत्याने तिला एकच प्रश्न विचारला. “स्वखुशीने मागतेस ना?”

“हो आत्या. माझ्याच साइटचा आहे, मीच मागतेय.”

“लिहून घे.” आणि सहा आकडे आत्याने एका दमात दोनदा वाचले, मधे स्वल्पविराम घेऊन, परीक्षागृहात सूचना वाचतात तसे. सगळं मिळून दीड मिनिट. मी तीन दिवस, दोन शेजारी, चार बस आणि एक बालपण खर्च केलं होतं.

साइट उघडली. तिने आधी बाहेरून कशी दिसते ते बघितलं, आणि माझी पाटी मोठ्याने वाचली. “‘कोणीही वारंवार चौकशी करू नये. आज्ञेवरून.’ अहो, इथे लहान मुलं येतात!” आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला इतकं हलकं वाटलं की मीही हसलो. मग तिने पाटी काढली, मला उठवून दाराबाहेर उभं केलं आणि नवा पासवर्ड ठेवला. कोडसाठी नंबर मात्र आत्याचाच राहू दिला. “ही कडी चांगली लावलीत,” ती म्हणाली. एवढं एक वाक्य मी कुठेतरी नोंदवून ठेवणार आहे.

रविवारी सकाळी आठ वाजता आमच्याकडे डॉक्टर, मुद्देसूद आणि मास्तरीणबाई जमले. आत्या फोनवर होती, स्पीकर लावून. पुरवणीचं अर्धं पान भरून लेख होता. वर मोठा फोटो, त्यात ही आणि मांडीवर अस्वल. ‘या बाईंनी अकरा वर्षांत नऊशे खेळणी बरी केली’ असं ठळक अक्षरांत. साइटवर तोवर चारशे माणसं येऊन गेली होती, आणि बहिणीचा फोन दोनदा. लेख मोठ्याने वाचायचा मान मंडळींनी मला दिला. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि कचेरीतल्या खणखणीत आवाजात सुरुवात केली. ही खुर्चीत मान खाली घालून बसली होती, पण कान लाल झाले होते. कौतुकाची एकेक ओळ वाचताना माझीच छाती फुगत होती.

शेवटच्या परिच्छेदाला आलो. तो असा होता:

“‘साइटचं सगळं मी एकटीच बघते,’ असं त्या सांगतात. ‘ती इतकी वर्षं एकही दिवस बंद पडली नाही याचं श्रेय खरं तर माझ्या यजमानांना. ते तिला कधीही हात लावत नाहीत.’”

डॉक्टर छताकडे बघत होते. मुद्देसूदांना एकही मुद्दा सुचला नाही. हिने अस्वल तोंडापुढे धरलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

“ऐकू नीट आलं नाही रे,” फोनमधून आत्या म्हणाली. “शेवटचं वाक्य परत वाच.”

मी परत वाचलं.